आठ तालुके आणि एक चाळणी

पोर्तुगीज भाषेत आजी आणि आजोबा यांच्यात फक्त एका टोपीचा फरक आहे. दोन्ही शब्दांत तीच तीन अक्षरं, त्याच क्रमानं. शेवटच्या अक्षरावर बारीक तिरपी रेघ असली की शब्द होतो 'आव्हॉ', म्हणजे आजी. त्याच जागी छपरासारखी टोकदार टोपी आली की 'आव्हो', म्हणजे आजोबा. टोपीवाले ते आजोबा, हे आपल्या मुलखात वेगळं शिकवावंही लागू नये.

आता ब्राझीलमधला एखादा नातू मोबाइलवर घाईघाईत आजीच्या पद्धतीची एखादी कृती शोधतोय असं धरू. रेघ कुठं आहे नि टोपी कुठं, हे बघत बसायला त्याला वेळ नाही. तो कोरा शब्द टाकतो आणि मोकळा होतो. यंत्राला काय कळणार, याला आजी हवी की आजोबा? शोधयंत्रं बांधणाऱ्यांनी यावर फार पूर्वी एक तोड काढली. मजकूर साठवतानाच शब्दांवरच्या सगळ्या खुणा पुसून टाकायच्या आणि विचारणाऱ्याच्या शब्दावरच्याही पुसायच्या. दोन्हीकडे कोरं, म्हणजे गाठ पडणारच. मी या तोडीला चाळणी म्हणतो. तिचा तोटाही आहे. आजीच्या मागं आजोबा येतात, 'देश' शोधायला गेलं तर 'आईवडील' येतात, आणि 'नारळ' मागितला तर एखादे वेळी तान्ह्या बाळाची शी पदरात पडते, कारण त्या दोन शब्दांतही नुसत्या टोपीचंच अंतर आहे. तरी सौदा परवडतो. खुणा न टाकता टाइप करणारे पुष्कळ, आणि अशा फसव्या जोड्या त्या मानानं थोड्या.

चाळणी लिहायला दोन ओळी पुरतात. जगभरच्या लिप्यांची युनिकोड नावाची एक सामायिक नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो आणि त्याचा वर्गही लिहिलेला असतो. पहिली ओळ सांगते, खुणेसकटचं अक्षर सुटं करा: 'ओ' वेगळा, टोपी वेगळी. दुसरी सांगते, जी चिन्हं स्वतःची जागा न घेता दुसऱ्याच्या अंगावर बसतात ती फेकून द्या. संपलं.

मी ही चाळणी धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांवर चालवून पाहिली.

चार तालुके सहीसलामत बाहेर आले: धाराशिव, उमरगा, लोहारा, वाशी. काना जागेवर, वेलांटी जागेवर. उरलेले चार असे निघाले: तळजापर. कळब. परडा. भम. परंड्याचा परडा झाला, म्हणजे आई भवानीच्या परडीचा थोरला भाऊ म्हणायचा. मग मला चेव आला. नळदुर्गाचं 'नळदरग' झालं, येडशीचं 'यडशी', तेरचं 'तर'. पुणे घातलं तर खाली नुसतं 'पण' पडलं. पुणेकरांचा स्वभाव यंत्राला कुणी सांगितला, कोण जाणे.

हा चार-चारचा निवाडा कुठून आला, हे शोधताना मला पहिल्यांदाच आपली बाराखडी नीट दिसली. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग अक्षराच्या शेजारी स्वतःपुरती जागा घेऊन उभे राहतात. उकार खाली लटकतात, एकार-ऐकाराच्या मात्रा वर बसतात, अनुस्वार डोक्यावर आणि हलन्ताची खूण पायाशी. युनिकोडनं त्यांचे दोन वर्ग केले ते दिसण्यावरून, उच्चारावरून नव्हे. पोर्तुगीज चाळणी जागा न घेणाऱ्यांनाच हाकलते. म्हणून 'शिव'मधली वेलांटी वाचली आणि 'तुळजा'मधला उकार गेला, जरी दोन्ही स्वरच आहेत आणि दोघांचं काम एकच आहे. धाराशिव हे नाव अख्खं वाचलं, कारण त्यात योगायोगानं फक्त काने आणि वेलांटीच आहे. जुनं 'उस्मानाबाद' मात्र चाळणीतून 'उसमानाबाद' होऊन बाहेर येतं. आमच्याकडचे म्हातारे ते तसंच म्हणत.

फरक मुळातला आहे. पोर्तुगीज 'ओ'वरची टोपी काढली तरी खाली 'ओ' शिल्लक राहतो. स्वर तोच, जरा उघडा की मिटलेला एवढंच. 'तु'चा उकार काढला की खाली 'त' राहतो, म्हणजे पोटात दडलेला 'अ' वर येतो. तिकडे खूण स्वराला सजवते. इकडे खूण हाच स्वर आहे. हे न ओळखणारी अवजारं आजही वापरात आहेत. पायथॉन या संगणकभाषेत मजकुरातले शब्द वेगळे करायची जी नेहमीची सोपी रीत आहे, ती काना-वेलांटीला अक्षर समजतच नाही. तिच्या हाती 'धाराशिव' दिलं की ती चार 'शब्द' परत देते: ध, र, श, व. कान्यांना ती शब्दांमधली फट समजते. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा शेंगा सोलून टरफलं हातात ठेवावीत तसं वाटलं.

आता थोडं मागं येऊन हे सगळं कशासाठी चाललंय ते सांगायला हवं. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे कधी गेला असाल तर तुम्ही शोधयंत्र पाहिलेलं आहे. तुम्ही आडनाव सांगता, मूळ गाव सांगता. गुरुजी फडताळातून नेमकी एक जाडजूड वही काढतात, पानं उलटतात आणि तुमच्या पणजोबांची नोंद समोर ठेवतात. ते सगळ्या वह्या पहिल्या पानापासून वाचत नाहीत, कारण कुठलं आडनाव, कुठलं गाव कुठल्या वहीत, हे आधीच लावून ठेवलेलं असतं. यंत्राचंही तसंच. मजकूर येतो तेव्हाच ते प्रत्येक शब्द सुटा करून एका यादीत घालतं आणि शब्दापुढे लिहितं, हा अमुक अमुक पानांवर आहे. तुम्ही 'सोयाबीन' विचारता तेव्हा ते काहीच वाचत नाही. वाचून केव्हाच झालेलं असतं. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये अशी यादी करणारी 'लुसीन' नावाची प्रणाली लिहिली, आणि आज जगातली असंख्य शोधयंत्रं तिच्यावर उभी आहेत. लुसीन हे त्यांच्या बायकोचं मधलं नाव, आणि तिच्या आजीचं पहिलं. आजी इथेही आलीच.

या पद्धतीत एक गोम आहे. यादी करताना जे पुसलं ते कायमचं गेलं. प्रश्न विचारला जाण्याआधी, विचारणारा कोण आणि त्याला काय हवंय याचा पत्ता नसताना, काय विसरायचं हे ठरवून टाकावं लागतं. कमी विसराल तर 'गांव' लिहिणाऱ्याला 'गाव' सापडणार नाही. जास्त विसराल तर पुण्याचं पण होईल.

मग मराठीत काय विसरावं?

ऱ्हस्व-दीर्घ आधी घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते आधीच विसरलेलं आहे. 'पीक विमा' हा शब्द आमच्या जिल्ह्यात ज्या चिंतेनं टाइप होतो तेवढ्या चिंतेनं दुसरा कुठला होत नसेल, आणि निम्मे लोक तो 'पिक विमा' असा लिहितात. शुद्धलेखनवाले सांगतील, पिक म्हणजे कोकिळ. खरंय. पण सोयाबीन पाण्याखाली गेलेला माणूस कोकिळेचा विमा शोधत नाहीये, एवढं यंत्रानं समजून घ्यावं. त्या माणसाच्या बाजूनं व्याकरणही आहे, कारण 'पीक' या शब्दाला प्रत्यय लागला की आपणच त्याची वेलांटी तोकडी करतो: पिकाचा, पिकाला, पिकांवर. तुळजापूर, पण तुळजापुरात. सूत, पण सुताचा. दीर्घ स्वर शेवटी असेपर्यंत ताठ असतो. मागून प्रत्यय आला की वाकतो.

आणि नेमकी हीच सवय पोर्तुगीजलाही आहे! 'पोर्तुगीज माणूस' या अर्थाचा त्यांचा शब्द एकवचनात टोपी घालून येतो. अनेकवचनाचा प्रत्यय लागला की टोपी उतरते. स्त्रीलिंगातही उतरते. कॉफीचा 'काफे' शेवटी रेघ मिरवतो, पण लाडानं 'काफेझिन्यो' म्हटलं की रेघ गळून पडते. कारणही मिळतंजुळतं आहे: शेपूट लागली की जोर शब्दाच्या अगदी शेवटच्या अवयवावर उरत नाही, आणि मग त्या स्वरावर खूण ठेवायची गरजही उरत नाही. तुळजापूर ते तुळजापुरात आणि लिस्बनची कॉफी, दोन्हीकडे शेपूट लागली की डोकं हलकं होतं.

म्हणून शोधयंत्राला चाळणीच्या जोडीला एक कात्रीही लागते, शब्दाची शेपूट छाटणारी. तुळजापूरला, तुळजापूरहून, तुळजापुरातल्या, तुळजापूरकर: सगळे एका खुंटीवर टांगायचे. पोर्तुगीजसाठी व्हिव्हियान ओरेंगो आणि ख्रिश्चन हाइक यांनी २००१ मध्ये अशी एक कात्री मांडली. तिच्यात एक बारीक शहाणपण आहे. शब्दांवरच्या खुणा पुसण्याचं काम त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं. आधी कात्री, मग चाळणी. कारण कात्रीला खुणा लागतात: पोर्तुगीजमध्ये 'पाव' या अर्थाच्या शब्दाचं अनेकवचन ओळखायचं तर त्यावरची लाटेसारखी खूण शाबूत असावी लागते. मराठीतही हा क्रम चुकला तर घोटाळा ठरलेला. 'मुलांना'मधला अनुस्वार आधीच उडवला तर हाती 'मुलाना' येतं आणि '-ांना' हा प्रत्यय शोधणारी कात्री बाजूला उभी राहते. मराठी, हिंदी आणि बंगालीसाठी कात्र्यांची तुलना करणारं काम ल्यिल्याना दोलामिच आणि जाक सावोय या स्वित्झर्लंडमधल्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या चतुर्थी-षष्ठीची एवढी फिकीर स्वित्झर्लंडात कुणी करत असेल, असं मला तरी स्वप्नातही आलं नव्हतं.

हिंदीसाठीची चाळणी लुसीनमध्ये तयारच आहे. लिपी एकच, मग तीच मराठीला लावू, असा मोह होतो. ती ऱ्हस्व-दीर्घ एक करते, हे ठीक. ती चंद्रबिंदीचा साधा अनुस्वार करते, हेही चालेल. पण ती 'ॅ'चा 'े' करते आणि 'ॉ'चा 'ो'. म्हणजे बॅट मागितली की बेट येतं, बॉल टाकला की बोल ऐकावे लागतात. आणि 'ऱ'मधलं टिंब ती काढून टाकते, तिथे मराठी माणसानं हात जोडावेत.

'ऱ' हे अक्षर म्हणजे या सगळ्या कहाणीतलं माझं लाडकं पात्र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे बालाघाटाच्या डोंगरांतल्या खोलगट जागा. आचार्यांना वाढलं तर गुरुजी जेवतात, आचाऱ्यांना वाढलं तर स्वयंपाकी. फरक एका आडव्या, पापणीसारख्या वळणाचा. मोरे आडनावाच्या माणसाची जमीन 'मोऱ्यांची' होते, गोरे यांची 'गोऱ्यांची', चौरे यांची 'चौऱ्यांची'. म्हणजे हे वळण आपल्याकडे गावागावांत सातबाऱ्यावर बसलेलं आहे, आणि 'सातबाऱ्यावर' या शब्दातही! गंमत अशी की ते संगणकात दोन वेगळ्या रीतींनी लिहिलं जातं. एक रीत सरळ: टिंबवाला 'ऱ', हलन्त, 'य'. दुसरीत साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग 'य'. दुसरी रीत युनिकोडच्या २.० या जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी मान्य ठेवली गेली. डोळ्याला दोन्ही अगदी सारख्या. कुणी कितीही बारकाईनं पाहिलं तरी कळणार नाही. यंत्राला मात्र ते दोन परके शब्द. आणि तेच अदृश्य जोडचिन्ह तुमच्या मोबाइलवरच्या आई-बाबा-मुलगी अशा कुटुंबाच्या चित्रातही बसलेलं असतं. तीन सुट्या माणसांना ते एका घरात आणतं. मराठीच्या दऱ्या आणि इमोजीचं कुटुंब एकाच न दिसणाऱ्या धाग्यानं शिवलेलं आहे, हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही केलं नाही.

'ॲप' आणि 'अॅप' यांचीही हीच कथा. पहिल्यातला 'ॲ' हे २००८ मध्ये युनिकोडात आलेलं एकसंध अक्षर, दुसऱ्यात 'अ'वर चंद्र वेगळा ठेवलेला. युनिकोडच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेही हे दोन सारखे धरले जात नाहीत. इथे चाळणीनं डोळे मिटून दोघांना एक करावं. यात हरवण्यासारखं काही नाही.

अनुस्वाराशी मात्र जपून वागावं लागतं, कारण हे एक टिंब एकाच वेळी चार नोकऱ्या करतं. 'कळंब'मध्ये ते 'म'च्या जागी बसलंय. कुणी 'कळम्ब' लिहिलं तरी गाव तेच. 'त्यांना'मध्ये ते अनेकवचन सांगतं, काढलं तर माणसं कमी होतात. 'केलं', 'वाटलं' यांत त्याला नाकाशी काही देणंघेणं नाही, तिथे ते 'अ' लांबवतं. या लेखात मी ते पानभर शिंपडलंय. आणि चौथी नोकरी आता सुटलेली: 'गांव', 'नांव' यांवरचं जुनं टिंब. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले तेव्हा उच्चारात नसलेली ही टिंबं निवृत्त झाली. पण त्याआधीच्या छापील पानांवर, दस्तांवर, वेशीवरच्या दगडी पाट्यांवर ती आहेत तिथे आहेत. भाषेनं नियम बदलला की यादीला जुना आणि नवा, दोन्ही काळ एकदम सांभाळावे लागतात. पोर्तुगीजनंही १९९० च्या लेखनकरारानं अशीच सफाई केली, ब्राझीलमध्ये ती २००९ पासून लागू झाली, आणि तिकडच्या 'कल्पना' या अर्थाच्या शब्दावरची रेघ एका रात्रीत जुनी झाली.

या निवृत्त टिंबाचा एक जुळा भाऊ गोव्यात आहे.

पोर्तुगीज नकाशांवर मडगाव 'मार्गांव' अशा नावानं येतं आणि मुरगाव 'मोर्मुगांव' अशा. रोमन लिपीत त्या 'गाव'च्या 'आ'वर एक छोटी लाट काढलेली असते. ही लाट म्हणजे मुळात काय? मध्ययुगातले लेखनिक कागद वाचवायला 'न' किंवा 'म' शेजारी न लिहिता चिमुकला करून आधीच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवत. तो घसरत, सपाट होत लाट बनला. नाकातून येणारा स्वर, त्याची खूण डोक्यावर: हा तर अनुस्वारच! मडगावचं जुनं नाव मठग्राम. 'ग्राम'चा 'म' झिजत झिजत टिंब झाला, मठग्रामाचं मडगांव झालं, पोर्तुगिजांनी ते टिंब ऐकलं आणि आपल्या लाटेत बांधलं. पुढे आपण टिंब काढलं. इंग्रजी पाट्यांनी लाट काढली. एकाच 'म'ची शेवटची सावली दोन लिप्यांत, दोन वेगळ्या कारणांनी पुसली गेली. आज गोव्याचं पुराभिलेखागार धुंडाळायचं असेल, तर मडगांव, मडगाव, लाटेचं मार्गांव आणि बिनलाटेचं मार्गाव ही चारही रूपं एका खुंटीवर टांगावी लागतील.

पणजीचं उलटं झालं. पोर्तुगीज लिहिताना शब्दाच्या शेवटी 'म' काढून फक्त 'हा स्वर नाकातून म्हणा' असं सुचवतात. त्यांनी पणजीपुढे असा 'म' काढला. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तो खरा 'म' समजून ओठ मिटले आणि गावाचं पंजिम झालं. खूण पुसल्यानं शब्द बिघडतो, तसा खुणेला अक्षर समजल्यानंही बिघडतो. मराठी रोमन लिपीच्या या गिरणीतून फार आधी गेलेली आहे. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीतच.

शिवाय मराठी कानानं स्वतःची एक चाळणीही चालवली. पोर्तुगीज भाषेत पावाला आणि लिलावाला जे शब्द आहेत त्या दोन्हींच्या शेवटी ती नाकातली लाट आहे. आपण शब्द घेतले, लाट परत केली. पाव. लिलाव. बाजार समितीच्या आवारात सकाळी सोयाबीनचा लिलाव ऐकताना वडापाव खाणारा माणूस दोन पुसलेल्या लाटा एकदम तोंडात घोळवत असतो.

यादी आणि विसरणं यांचा सर्वांत अवघड खेळ मात्र आमच्या जुन्या दप्तरांत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून महसुली कागद उर्दूत आहेत, मोडीतही आहेत. मोडी ऱ्हस्व आणि दीर्घ यांत भेद पाळत नाही. इकार एक, उकार एक. म्हणजे पीक आणि पिक हा वाद मोडीत उद्भवतच नाही. जी चाळणी आपण आज कष्टानं लिहितो ती मोडी लिहिणाऱ्यांच्या बोरूतच बसवलेली होती, घाईत लिहायचं होतं ना. उर्दू त्याहून पुढची: ऱ्हस्व स्वर ती बहुधा लिहीतच नाही, आणि 'ण' तिच्यात नाही. 'कुणबी' तिथे क, न, ब आणि ईकार एवढ्यावर उभा राहतो. कु की क की कि, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जुन्या नोंदींत हा एक शब्द शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांना बसवावं लागलं. यादी नव्हती. पान पान डोळ्याखालून घालायचं होतं. मोडी लिपीला युनिकोडात घर मिळालं तेच मुळी २०१४ मध्ये.

आणि मग गावांची नावंच बदलतात. सातवा निजाम मीर उस्मान अली खान, त्याच्या नावानं उस्मानाबाद; २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं; त्याआधी एका काळात जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं, म्हणून जुन्या कागदांत जिल्हाच नळदुर्ग. इथे चाळणी निरुपयोगी, इथे यंत्राला शेजारी शेजारी लिहून द्यावं लागतं की ही नावं एकाच जागेची. तेही सांभाळून. उस्मानाबादी शेळी ही जात त्याच नावानं नोंदलेली आहे, तिला धाराशिवी म्हणून कुणी दावणीला बांधत नाही. 'वाशी' विचारणाऱ्याला नवी मुंबईला नेऊन सोडायचं नाही. आणि उमरगा तालुक्यातलं मुरूम हे गाव शोधणाऱ्यापुढे रस्त्यावर टाकायच्या मुरुमाची निविदा येऊ नये, हे तर मला अजून कुठल्याच यंत्राकडून पूर्ण साधलेलं दिसलं नाही.

जाणते लोक यावर दोन याद्या ठेवतात. एकीत शब्द आहे तसा, टोपीसकट, टिंबासकट. दुसरीत चाळलेला. प्रश्न आला की दोन्हीकडे बघायचं. तंतोतंत जुळलेला वर, चाळून जुळलेला खाली. 'दऱ्या' विचारलं तर आधी दऱ्या, मग समुद्र. जागा दुप्पट लागते, पण आजी-आजोबा दोघंही आपापल्या खुर्चीत राहतात.

तेरचं सांगायचं राहिलं. धाराशिव तालुक्यातलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासूनच्या जलमार्गांचं वर्णन लिहिलं. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथला कापूस-कापडाचा माल गाड्यांतून भडोचला येतो, असं नोंदवलं. हे तगर कुठलं? विद्वानांनी शोध घेतला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, भांडारकर धारूर म्हणाले. १९०१ मध्ये फ्लीट यांनी बोट ठेवलं: तेर. मधला 'ग' गळाला, 'तगर'चं 'तयर' झालं, 'तयर'चं तेर. संगमनेर, अमळनेर यांतलं 'नेर' याच वाटेनं 'नगर'पासून आलेलं. जो नियम नगराला तोच तगराला; अक्षरं सारखी न उरताही शब्द सापडला.

पोर्तुगीज चाळणीत 'तेर' घातलं तर खाली 'तर' पडतं, हे वर सांगितलंच. मग मी 'तगर' घालून पाहिलं. तीन अक्षरं, ना काना ना मात्रा. जसंच्या तसं बाहेर आलं.